‘निगेटिव्ह’ अहवालावर विश्वास कधी ठेवावा: इन्फ्लूएंझाच्या नमुन्याची गुणवत्ता राखण्यासाठी मार्गदर्शन

२०१९ च्या सुरुवातीला मेळघाटातल्या १७ महिन्यांच्या एका बालकाच्या श्वसनमार्गातून घेतलेल्या नमुन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला एच९एन२ हा मूळचा पक्ष्यांमधला इन्फ्लूएंझा विषाणू आढळला. माणसात हा विषाणू सापडल्याची भारतातली ती पहिली नोंद होती. बालकाला ताप, खोकला आणि धाप होती, नमुना आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच घेतला गेला होता, आणि उपप्रकार ठरवून जनुकक्रम वाचता येईल इतका विषाणूचा अंश त्यात टिकून होता. तोच स्वाब नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून बाहेर काढला असता, किंवा वाटेत दिवसभर उन्हात तापला असता, तर अहवाल ‘निगेटिव्ह’ येण्याचीच शक्यता मोठी होती, आणि त्या निगेटिव्हबद्दल कोणाला शंकाही आली नसती.

चुकलेला नमुना आपण चुकलो आहोत हे स्वतःहून सांगत नाही, आणि इन्फ्लूएंझाच्या तपासणीतली मुख्य अडचण हीच आहे. यंत्र चालू असते, अहवाल वेळेवर येतो, आकडा पोर्टलवर चढतो, आणि तो आकडा खोटा असू शकतो. पुढील लेखन ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतले वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि जिल्हा सर्वेक्षण कक्षातले सहकारी यांच्यासाठी आहे. रुग्णाची निवड करण्यापासून महिनाअखेरच्या आढाव्यापर्यंतचा क्रम त्यात ठेवला आहे.

पहिली पायरी: रुग्ण कोणता आणि आजाराचा दिवस कितवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, १० दिवसांच्या आत सुरू झालेला आजार, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक मोजलेला ताप आणि खोकला असेल तर तो फ्लूसदृश आजार होय. अशाच रुग्णाला दाखल करण्याची गरज असेल तर तो तीव्र श्वसनविकार, म्हणजे ज्याला आपण ‘सारी’ म्हणतो, त्यात मोडतो. तिथे ताप प्रत्यक्ष मोजलेला नसला तरी ताप येऊन गेल्याचा इतिहास पुरतो. ही व्याख्या कागदापुरती ठेवू नये. नुसती सर्दी असलेले, ताप नसलेले रुग्ण सर्वेक्षणात घेतले की तपासलेल्यांची संख्या फुगते, पॉझिटिव्हचे प्रमाण आपोआप खाली येते आणि साथ ओसरल्याचा भास होतो.

प्रौढ माणसात विषाणू बाहेर टाकला जाण्याचे प्रमाण लक्षणे सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक असते आणि साधारण पाच ते सात दिवसांत ते फार कमी होते. लहान मुले आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेले रुग्ण अधिक काळ विषाणू टाकत राहतात. म्हणून तापाचा पहिला दिवस नेमका कोणता हे काढणे स्वाब घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे. “ताप कधीपासून आहे?” या प्रश्नाला “झाले दोन-तीन दिवस” हे ठरलेले उत्तर मिळते. त्याऐवजी “आजी, बाजाराच्या दिवशी तुम्ही बाजारात गेला होतात का? तेव्हा अंग दुखत होतं का?” असे विचारले तर दिवस नेमका निघतो. तो दिवस तारखेच्या रूपातच अर्जावर लिहावा, ‘३ दिवस’ असे लिहू नये, कारण अर्ज कधी भरला आणि स्वाब कधी घेतला यात अंतर पडले की ‘३ दिवस’ला काही अर्थ उरत नाही.

आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वाइन फ्लूच्या रुग्णांचे अ, ब आणि क असे वर्ग केले जातात, आणि उपचारासाठीची तपासणी मुख्यतः दाखल करण्याजोग्या क वर्गातल्या रुग्णांची होते. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात पहिला मृत्यू झाल्यावर नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. ज्या काळात सरसकट तपासणी होते आणि ज्या काळात फक्त गंभीर रुग्णांची होते, त्या दोन काळांतल्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. सर्वेक्षणासाठी निवडलेल्या केंद्राने म्हणूनच आपली निवडीची पद्धत आधी ठरवून लिहून ठेवावी, उदाहरणार्थ आठवड्यातले ठरलेले वार आणि त्या दिवशी व्याख्येत बसणारे पहिले ठराविक रुग्ण. ओळखीचा आहे, आग्रह धरतो आहे किंवा फार आजारी दिसतो आहे म्हणून स्वाब घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, पण त्याची नोंद सर्वेक्षणाच्या नमुन्यांत मिसळू नये.

एक गोष्ट इथेच सांगणे आवश्यक आहे. शक्य असेल तर स्वाब औषधाच्या पहिल्या मात्रेआधी घ्यावा, परंतु गंभीर रुग्णाचे ओसेलटॅमिव्हिर हे विषाणूविरोधी औषध स्वाबासाठी किंवा अहवालासाठी एक तासही थांबवू नये.

दुसरी पायरी: रुग्णाला बसवण्याआधी साहित्य पाहावे

स्वाबाचे टोक कृत्रिम धाग्याचे, म्हणजे पॉलिएस्टर, रेयॉन किंवा नायलॉन फ्लॉक्ड असावे आणि काडी प्लास्टिकची असावी. कापसाचे टोक, लाकडी काडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचे स्वाब चालत नाहीत, कारण त्यांतले घटक विषाणूला मारक ठरतात किंवा पीसीआरच्या, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून विषाणू ओळखणाऱ्या चाचणीच्या, रासायनिक क्रियेत अडथळा आणतात. जिवाणूंच्या तपासणीसाठी येणारी जेलची नळी कपाटात शेजारीच असते आणि घाईत तीच हाती येते. ती वापरू नये.

विषाणू वाहतूक माध्यमाच्या, म्हणजे व्हीटीएमच्या नळीत साधारण २ ते ३ मिलिलिटर द्रव असतो. बहुतेक नळ्यांमधला द्रव गुलाबी असतो, कारण त्यात फिनॉल रेड हा रंगदर्शक घातलेला असतो. तो पिवळा पडला असेल किंवा द्रव गढूळ दिसत असेल तर माध्यम आम्ल झाले आहे किंवा त्यात जंतू वाढले आहेत असे समजून ती नळी बाजूला काढावी. मुदतीची तारीखही याच वेळी पाहावी.

कोविडनंतर अनेक ठिकाणी विषाणू निष्क्रिय करणाऱ्या माध्यमाच्या नळ्या आल्या आहेत. त्यांत ग्वानिडिनचे क्षार असतात. पीसीआरसाठी त्या सोयीच्या आणि कर्मचाऱ्यांसाठी सुरक्षित आहेत, पण त्यांत विषाणू मरतो, त्यामुळे त्या नमुन्यातून विषाणू वाढवता येत नाही. शिवाय अशी नळी सांडली तर तिच्यावर ब्लीच टाकू नये, कारण त्या संयोगातून विषारी वायू निघतो. आपल्या केंद्राला कोणत्या नळ्या पुरवल्या आहेत आणि प्रयोगशाळेला कोणत्या हव्या आहेत, हे हंगाम सुरू होण्याआधी फोन करून विचारून घ्यावे.

तिसरी पायरी: स्वाब घेणे

सगळ्यात जास्त नमुने इथेच बिघडतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा अज्ञान नसून संकोच असतो. रुग्ण कळवळतो, मूल रडते, आई हात धरते, आणि हात अर्ध्यावर थांबतो. इन्फ्लूएंझाचा विषाणू श्वसनमार्गाच्या अस्तरातल्या पेशींमध्ये वाढतो; नाकाच्या पुढच्या भागातला शेंबूड कितीही लागला तरी मागच्या भागातल्या पेशी स्वाबावर आल्या नाहीत तर नमुना कमकुवतच राहतो.

रुग्णाला पाठ व डोके टेकवून बसवावे आणि काय करणार आहोत ते आधी सांगावे. “दादा, पाच-सात सेकंद डोळ्यांत पाणी येईल, शिंक आल्यासारखं वाटेल, पण दुखापत होणार नाही” एवढे बोलले तरी मान मागे खेचली जाण्याचे प्रमाण कमी होते. नाक भरलेले असेल तर ते हलकेच शिंकरून घ्यायला सांगावे. डोके मागे सुमारे ७० अंशांत कलवावे. स्वाब टाळूला समांतर, म्हणजे कानाच्या दिशेने सरळ मागे न्यावा. वर, डोळ्यांच्या दिशेने कधीही ढकलू नये. किती आत जायचे याचे माप सोपे आहे: नाकपुडीपासून कानाच्या छिद्रापर्यंतचे अंतर बाहेरून पाहावे आणि त्याच्या साधारण निम्म्यापर्यंत किंवा मऊ प्रतिकार जाणवेपर्यंत स्वाब न्यावा. तिथे काही सेकंद थांबावे, म्हणजे टोक ओलावा शोषून घेते, आणि हळुवार गोल फिरवत बाहेर काढावे. वाटेत हाडासारखा अडथळा आला तर जोर लावू नये. दुसऱ्या नाकपुडीतून प्रयत्न करावा.

त्यानंतर दुसऱ्या स्वाबाने घशाची मागची भिंत आणि दोन्ही बाजूंच्या टॉन्सिलचा भाग पुसून घ्यावा. जिभेला, दातांना आणि गालाला स्वाब लागू देऊ नये. दोन्ही स्वाब एकाच नळीत टाकावेत. एकत्र तपासल्याने विषाणू सापडण्याची शक्यता वाढते. काडी खुणेवर मोडावी, टोक द्रवात पूर्ण बुडाले आहे हे पाहावे आणि झाकण घट्ट फिरवावे. काडी लांब राहिली तर झाकण नीट बसत नाही आणि नळी वाटेत गळते.

श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णाचा निव्वळ नाकाचा स्वाब पाठवून स्वस्थ बसू नये. फुप्फुसात संसर्ग असूनही नाक-घसा निगेटिव्ह येऊ शकतो, विशेषतः आजाराला आठवडा उलटल्यावर. अशा वेळी श्वासनलिकेतील नळीतून ओढलेला स्राव पाठवावा. हे काम करणाऱ्याने एन-९५ मास्क, डोळ्यांचे संरक्षण, हातमोजे आणि गाऊन वापरलेच पाहिजेत.

चौथी पायरी: नळीवरचे नाव आणि सोबतचा अर्ज

लेबल नळीच्या अंगावर लावावे, झाकणावर नाही, कारण प्रयोगशाळेत झाकणे काढली जातात. नळी थंड व ओली होण्याआधीच लेबल चिकटवावे आणि पुसले न जाणाऱ्या शाईने रुग्णाचे नाव, वय, ओळख क्रमांक व नमुना घेतल्याची तारीख लिहावी. अर्जावर लक्षणे सुरू झाल्याची तारीख, नमुन्याचा प्रकार, दाखल आहे की बाह्यरुग्ण, लस घेतली आहे का, विषाणूविरोधी औषध सुरू झाले आहे का आणि कोंबड्या-बदके किंवा डुकरे यांच्याशी अलीकडे संपर्क आला आहे का, एवढे तरी भरलेले असावे. शेवटचा रकाना बहुतेक अर्जांवर कोरा दिसतो. तो का भरायचा हे सातव्या पायरीत स्पष्ट होईल.

पाचवी पायरी: थंडावा आणि प्रवास

नमुना घेतल्याक्षणापासून २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा आणि ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. त्याहून उशीर होणार असेल तर तो उणे ७० अंशांत गोठवावा लागतो, आणि ती सोय ग्रामीण रुग्णालयात नसते.

यावर उपाय म्हणून घरगुती फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात नळ्या ठेवल्या जातात, आणि हा समज आग्रहाने खोडून काढला पाहिजे. उणे २० अंशांच्या आसपासचे तापमान इन्फ्लूएंझाच्या विषाणूला अनुकूल नाही, आणि वीज गेली की तिथला नमुना वितळून पुन्हा गोठतो. प्रत्येक फेऱ्यात जिवंत विषाणूची संख्या घटत जाते. खालच्या कप्प्यातला साधा थंडावा आणि लवकर रवाना करणे हेच अधिक सुरक्षित आहे. लसी साठवण्याच्या आयएलआर या खास फ्रिजमध्येही रुग्णांचे नमुने ठेवू नयेत. त्यासाठी वेगळा फ्रिज हवा.

पॅकिंग तिहेरी असते. नळी शोषक कागदात गुंडाळून गळती न होणाऱ्या दुसऱ्या डब्यात ठेवायची, आणि तो डबा आइस पॅकसह बाहेरच्या मजबूत खोक्यात. नळी नुकत्याच काढलेल्या कडक आइस पॅकला थेट चिकटू देऊ नये, नाहीतर ती वाटेतच गोठते. अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत, दुसऱ्या डब्याच्या बाहेर ठेवावा, म्हणजे गळती झाली तरी तो वाचता येतो. खोक्यावर यूएन ३३७३ ही जैविक नमुन्यांची खूण, पत्ता आणि संपर्क क्रमांक असावा. कोरड्या बर्फातून पाठवायचे असेल तर झाकणे पॅराफिल्म या मेणचट पट्टीने बंद करावीत, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड नळीत शिरला की माध्यम आम्ल होते आणि विषाणू मरतो. कोरड्या बर्फाचे खोके मात्र कधीही हवाबंद करू नये, वायूला बाहेर पडायला वाट ठेवावी.

शुक्रवारी दुपारी घेतलेला नमुना शनिवारी निघाला, रविवारी प्रयोगशाळेच्या बंद दारापाशी पडून राहिला आणि सोमवारी सकाळी उघडला, तर ७२ तास जवळजवळ संपलेले असतात. म्हणून ७२ तासांची मोजणी स्वाब घेतल्याच्या वेळेपासून करावी, वाहन सुटल्यापासून नाही, आणि सर्वेक्षणाचे वार आठवड्याच्या पूर्वार्धात ठेवावेत. दाखल रुग्णाच्या बाबतीत वाराचा विचार न करता प्रयोगशाळेला आगाऊ कळवून नमुना पाठवावा.

सहावी पायरी: प्रयोगशाळेच्या दारात

नमुना स्वीकारताना खोक्यातले तापमान, गळती, नाव-क्रमांकाचा मेळ आणि प्रवासाला लागलेला वेळ यांची नोंद करावी. लेबल नसलेली नळी, चुकीचे माध्यम किंवा चुकीचा स्वाब असेल तर नमुना नाकारून त्याच दिवशी केंद्राला फोन करावा. आठवड्याने पाठवलेल्या पत्राचा उपयोग नसतो, कारण तोवर रुग्णाच्या आजाराचे दिवस निघून जातात. मृत रुग्णाच्या फुप्फुसातील द्रवासारखा जो नमुना पुन्हा मिळणार नाही, तो दोष असला तरी तपासावा आणि अहवालात दोषाची नोंद करावी. अशा नमुन्यांवर आंधळेपणाने नियम लावणे मला योग्य वाटत नाही.

सातवी पायरी: अहवाल वाचणे

आरटी-पीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकाबरोबर आरनेज-पी हे मानवी जनुकही तपासले जाते. ते सापडले नाही आणि विषाणूही सापडला नाही, तर स्वाबावर पेशीच आल्या नव्हत्या किंवा रक्त, चिकट स्राव यांसारख्या पदार्थांनी क्रिया रोखली होती असे समजावे. असा नमुना निगेटिव्ह नव्हे, अनिर्णित आहे, पुन्हा मागवावा.

आरनेज-पी सापडले म्हणून निश्चिंतही होऊ नये. गालाच्या आतून घेतलेल्या स्वाबातही मानवी पेशी भरपूर असतात. शिवाय या चाचणीत मानवी डीएनएही मोजला जातो, आणि डीएनए हा विषाणूच्या आरएनएपेक्षा कितीतरी टिकाऊ असतो. त्यामुळे दोन दिवस उन्हात राहिलेल्या नळीतही आरनेज-पी उत्तम दिसेल आणि विषाणू नाहीसा झालेला असेल. म्हणूनच वेळेची आणि तापमानाची नोंद अहवालाशेजारी ठेवून वाचावी.

सीटी मूल्याचा, म्हणजे जनुक दिसेपर्यंत पीसीआरला लागलेल्या आवर्तनांच्या संख्येचा, हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. नमुन्यातला विषाणू १० पटीने घटला की सीटी सुमारे ३.३ ने वाढते. नीट घेतलेल्या नमुन्याचे सीटी ३० आले असते, तर दहावा हिस्सा पोहोचल्यास ते ३३ च्या पुढे जाते आणि शंभरावा हिस्सा पोहोचल्यास ३७ च्या जवळ. इतक्या वर इन्फ्लूएंझा ‘ए’ आहे एवढे कसेबसे कळते, पण उपप्रकाराची चाचणी लागत नाही, आणि जनुकक्रम वाचणे किंवा विषाणू वाढवणे तर दूरच राहते.

यातून ‘इन्फ्लूएंझा ए, उपप्रकार अनिश्चित’ असा अहवाल येतो, आणि त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. सीटी ३५ च्या वर असेल तर बहुतेक वेळा नमुना कमकुवत आहे. दुसरा नमुना घ्यावा, दाखल रुग्णाचा खालच्या श्वसनमार्गातून घ्यावा. पण सीटी कमी आहे, विषाणू भरपूर आहे आणि तरीही एच१ व एच३ या दोन्ही मोसमी उपप्रकारांच्या चाचण्या निगेटिव्ह आहेत, तर तो प्राण्यांमधला नवा उपप्रकार असू शकतो. अशा वेळी अर्जावरचा कोंबड्यांच्या संपर्काचा रकाना ताबडतोब पाहावा, जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना फोन करावा आणि नमुना पुण्याला रवाना करावा. २०२१ मध्ये हरियाणातल्या एका मुलाच्या नमुन्यात इन्फ्लूएंझा ‘ए’ सापडला, मोसमी उपप्रकारांशी तो जुळेना, आणि पुण्यात तपासल्यावर तो एच५एन१ निघाला. भारतातल्या माणसातला तो पहिला रुग्ण होता. नव्या उपप्रकाराची माहिती आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार देशाला जागतिक आरोग्य संघटनेकडे २४ तासांत कळवावी लागते.

रॅपिड अँटिजेन चाचणीबद्दल थोडक्यात: तिची संवेदनशीलता साधारण ५० ते ७० टक्के असते, त्यामुळे पॉझिटिव्ह आली तर बहुधा खरी, पण निगेटिव्ह आली म्हणून क वर्गातल्या रुग्णाचा उपचार थांबवू नये. कमकुवत नमुन्याचा फटका या चाचणीला पीसीआरपेक्षा कितीतरी अधिक बसतो.

आठवी पायरी: आकड्यांचा आढावा

समजा, एका केंद्रावर १०० रुग्णांपैकी ३० जणांना खरोखर इन्फ्लूएंझा आहे आणि त्यांतल्या १० जणांचे स्वाब वरवर घेतले गेले. अहवालात ३० ऐवजी २० टक्के दिसतील. जुलैमध्ये अनुभवी परिचारिका रजेवर गेल्या आणि नवख्या व्यक्तीने काम पाहिले, तर ऐन पावसाळ्यात, जेव्हा देशाच्या बहुतेक भागांत इन्फ्लूएंझा वाढतो, तेव्हाच आलेख खाली वळेल. नकाशावर तो तालुका शांत दिसेल आणि औषधांचा साठा दुसरीकडे जाईल.

परिणाम इथेच थांबत नाहीत. लसीत कोणते विषाणू घ्यायचे याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी करते, आणि ती राष्ट्रीय इन्फ्लूएंझा केंद्रांनी वाढवलेल्या व जनुकक्रम वाचलेल्या विषाणूंवर आधारलेली असते. निव्वळ पीसीआरपुरता टिकलेला नमुना मोजणीत येतो, पण या निवडीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. इन्फ्लूएंझा ‘बी’चा यामागाता वंश मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने आढळलेला नाही आणि म्हणून त्याला लसीतून वगळण्याची शिफारस झाली. ‘नाही’ असे म्हणण्याचा हा अधिकार जगभरच्या असंख्य निगेटिव्ह नमुन्यांनी दिला आहे, आणि ते नमुने चांगले असल्याशिवाय तो मिळत नाही.

म्हणून जिल्ह्याच्या मासिक बैठकीत पॉझिटिव्हच्या टक्केवारीशेजारी आणखी काही रकाने मांडावेत: लक्षणांपासून स्वाबापर्यंतचे दिवस, स्वाबापासून प्रयोगशाळेपर्यंतचे तास, नाकारलेले व अनिर्णित नमुने, अपुरे अर्ज आणि केंद्रनिहाय आरनेज-पीचे सीटी. एखाद्या केंद्राचे आरनेज-पी इतरांपेक्षा सातत्याने उशिरा येत असेल तर तिथे स्वाबाची पद्धत पाहायला कोणीतरी प्रत्यक्ष जावे आणि सोबत बसून दोन-चार स्वाब घ्यावेत. परिपत्रक पाठवून हात सुधारत नाही. टक्केवारी अचानक घसरली तर साथ ओसरली असे जाहीर करण्याआधी हे रकाने तपासावेत, आणि त्या महिन्यात स्वाब घेणारी व्यक्ती, नळ्यांचा पुरवठा किंवा नमुन्यांचे वाहन बदलले होते का, हे केंद्राला विचारावे.